तळव्याला आलेली जाग

पेशंट आत येण्याआधी मी त्याची चप्पल बघून घेते. सक्करदऱ्यातल्या माझ्या क्लिनिकच्या दाराशी एक लाकडी फळी आहे, तिच्यावर चपला काढून ठेवायच्या असतात. टाचेची बाहेरची कड झिजलेली असणं नेहमीचंच. चालताना टाच तिथूनच टेकते. पण एका पायाची चप्पल दुसरीपेक्षा जास्त खचली असेल, आतल्या बाजूला पूर्ण बसली असेल, किंवा चवड्याच्या मधोमध खड्डा पडला असेल, तर माणूस खुर्चीत बसायच्या आत अर्धी हकीकत मला कळलेली असते. मी आणखी एक गोष्ट शोधते, बोटांचे ठसे. जुन्या चामडी चपलेवर पाचही बोटांचे काळपट ठसे स्पष्ट उमटलेले असले की समजावं, या माणसाची बोटं जमीन धरतात. असे ठसे खेड्यातून येणाऱ्या म्हाताऱ्या माणसांच्या चपलांवर अजून दिसतात. शहरातल्या चाळिशीच्या माणसाच्या चपलेवर बहुधा टाच आणि चवडा एवढंच असतं.

फिजिओथेरपीचं काम मी नागपुरात बावीस वर्षं करते आहे. त्यातली पहिली आठ-नऊ वर्षं या ठशांकडे माझंही लक्ष नव्हतं. गुडघा, कंबर, मान, खांदा यांच्या व्यायामांचे तक्ते माझ्याकडे होते. तळपायासाठी मात्र काहीच नव्हतं, होती फक्त मऊ चप्पल आणि टाचेखाली ठेवायची सिलिकॉनची गादी.

हे बदललं एका प्राथमिक शिक्षिकेमुळे. वय बेचाळीस, वर्गात दिवसाचे पाच-सहा तास उभं राहण्याचं काम, शाळेत फरशी आणि घरात टाइल्स. त्या म्हणाल्या, "सकाळी उठून पाय टेकवल्या जात नाही मॅडम. खिळा रुतल्यासारखं होते. दहा पावलं चाललं का मोकळं होते, मंग संध्याकाळी पुन्हा तेच." एक्स-रे त्यांच्या पिशवीत होता आणि "टाचेचं हाड वाढलं" हे वाक्य त्यांच्या मनात पक्कं बसलं होतं. खरं तर असं वाढलेलं हाड कित्येकांच्या टाचेत असतं आणि त्यातल्या अनेकांना आयुष्यभर काहीच दुखत नाही. त्यांचं दुखणं टाचेपासून बोटांच्या मुळांपर्यंत गेलेल्या जाड पट्ट्याचं होतं. त्याला प्लांटर फॅशिया म्हणतात. मी अल्ट्रासाउंडचा शेक दिला, पोटरी ताणायला शिकवली, गादी दिली, घरातही मऊ चप्पल घालायला सांगितली. बरं वाटलं. पाच महिन्यांनी त्या परत आल्या. पुन्हा बरं वाटलं, पुन्हा आल्या. तिसऱ्या खेपेला त्यांनी विचारलं, "मॅडम, आता जन्मभर गादीवरच चालायचं का?"

या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. मी त्यांना अनवाणी उभं केलं आणि नुसतीच बघत राहिले. तेव्हा मला वरोऱ्यात पाहिलेला एक पाय आठवला.

शिकत असताना आम्हा विद्यार्थ्यांना आनंदवनात नेलं होतं. बाबा आमट्यांनी १९४९ मध्ये महारोगी सेवा समितीची स्थापना केली आणि वरोऱ्याजवळच्या माळावर ही वसाहत उभी केली. नागपूरहून ती शंभरेक किलोमीटरवर आहे. कुष्ठरोगातून बऱ्या झालेल्या एका वृद्ध गृहस्थांनी आपला पाय स्टुलावर ठेवून आम्हाला दाखवला. बोटं पंजासारखी आत वळलेली, टोकं जमिनीपासून सुटलेली, आणि चवड्याखाली भरून आलेल्या जखमेचा पांढरा वण. मी वहीत लिहून घेत होते. ते म्हणाले, "पोरी, लिहू नको, बघून ठेव. बोटं काय काम करतात ते बोटं निकामी झाल्यावर समजते."

कुष्ठरोगाचे जंतू नसांमध्ये शिरतात. घोट्याच्या आतल्या हाडामागून एक नस तळव्यात उतरते. ती मेली की दोन गोष्टी एकदम जातात. तळव्याची संवेदना जाते, हे सगळ्यांना ठाऊक असतं. दुसरी गोष्ट म्हणजे तळव्यातच सुरू होऊन तळव्यातच संपणारे लहान स्नायू जातात. पोटरीत आणि नडगीशी असलेल्या लांब स्नायूंना नसांचा पुरवठा वरूनच होतो, म्हणून ते जिवंत राहतात आणि बोटांना एकटेच खेचत राहतात. बोटं सरळ ठेवून जमिनीवर दाबून धरणारं खाली कुणी उरत नाही. बोटं वळतात, वजन वाटून घेणं बंद करतात आणि सगळा भार चवड्याच्या हाडांवर येतो. तिथे दुखतही नाही, म्हणून माणूस चालत राहतो आणि जखम होते. वेल्लोरला काम केलेल्या डॉ. पॉल ब्रँड यांनी जगाला हेच पटवून दिलं, की या जखमा रोगानं मांस सडल्यामुळे होत नाहीत. न जाणवणारा दाब त्याच जागी हजारो वेळा पडल्यामुळे होतात.

कुष्ठरोग्यांच्या पायासाठी एक अगदी साधी चाचणी आहे. पायाच्या अंगठ्याखाली व्हिजिटिंग कार्डाएवढा कागद ठेवायचा, पेशंटला अंगठ्यानं तो दाबून धरायला सांगायचं आणि आपण ओढायचा. कागद निसटला तर तळव्यातले लहान स्नायू दुबळे झाले आहेत असं समजायचं. त्या दिवशी मी शिक्षिकाबाईंच्या अंगठ्याखाली कागद ठेवला. त्यांनी ओठ घट्ट मिटले, मांडीचा स्नायू आवळला, सगळं शरीर ताठ केलं. कागद अलगद माझ्या हातात आला.

त्यांची नस शाबूत होती. एकाही स्नायूला रोग झालेला नव्हता. ते स्नायू तीस-पस्तीस वर्षं बिनकामाचे बसले होते, एवढंच.

तळपायात २६ हाडं असतात. त्यांच्याखाली हे लहान स्नायू चार थरांत पसरलेले असतात. कुणी अंगठ्याला बाजूला नेतो, कुणी करंगळीला, कुणी बोटांच्या फटीत बसलेला असतो. एकेकाचा आकार लहान, जोरही लहान. पण पाय टेकला की कमान जेवढी दबते, तेवढंच तिला सावरायचं काम ते पावलागणिक करतात. १९५४ मध्ये हिक्स या संशोधकानं दाखवलं, की चालताना अंगठा मागे वळतो तेव्हा तळव्याचा जाड पट्टा रहाटाच्या दोरासारखा गुंडाळला जातो आणि कमान आपोआप वर उचलली जाते. १९८७ मध्ये 'नेचर' नियतकालिकात आणखी एक हिशेब प्रसिद्ध झाला. धावताना पाय टेकण्या-उचलण्याच्या प्रत्येक फेऱ्यात जी ऊर्जा साठवून परत मिळते, तिच्यातला सुमारे १७ टक्के वाटा कमानीच्या स्प्रिंगचा असतो. २०१५ मध्ये मॅकीऑन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या सगळ्याला 'फूट कोअर' असं नाव दिलं. पाठीच्या कण्याला जसा पोटातल्या खोल स्नायूंचा आधार, तसा कमानीला या लहान स्नायूंचा, असं त्यांचं म्हणणं.

पेशंटना मी हे खाटेवरून समजावते. खाटेचा साचा मजबूत असतो, पण नवार सैल पडली की झोपणाऱ्याची कंबर खाली जाते. मग खालून उशा लावता येतात, दर महिन्याला नवी उशी लावता येते. पण नवार कसली तर उशी लागत नाही. तळव्यातला जाड पट्टा स्वतःला कसू शकत नाही. कसणारे हात म्हणजे हे स्नायू. ते थकलेले असले की सगळा ताण पट्ट्यावर येतो आणि तो टाचेशी ओरडतो.

बाईंना काही सांगण्याआधी मी स्वतः करून बघायचं ठरवलं. खुर्चीत बसून दोन्ही पाय फरशीवर ठेवले आणि फक्त अंगठा उचलायचा प्रयत्न केला, बाकीची चार बोटं खाली ठेवून. पाचही बोटं उठली. मग अंगठा खाली ठेवून चार बोटं उचलायची म्हटलं, तर काहीच हललं नाही. शरीरशास्त्रात मला त्या स्नायूंची नावं पाठ होती, पण माझ्याच पायातले ते स्नायू माझं ऐकत नव्हते. ताकदीचा प्रश्न नंतरचा. मेंदूकडून तिथपर्यंत जाणारी वाटच बुजली होती. रोज रात्री दहा मिनिटं मी बसायचे, हातानं अंगठा उचलून द्यायचे आणि मग हात सोडायचे. कमानीत गोळे यायचे. बाराव्या दिवशी डावा अंगठा एकटा उठला, उजव्याला आणखी आठवडा लागला. तेव्हापासून मी पेशंटला "पहिले दोन आठवडे काही होत नाही असं वाटेल" हे ठामपणे सांगू शकते.

बाईंना तीन गोष्टी दिल्या. पहिली, अंगठा आणि बोटं वेगवेगळी उचलणं. दुसरी, पाय 'लहान' करणं: बोटं न वळवता, टाच न हलवता चवडा टाचेकडे ओढायचा. बाहेरून काही घडलेलं दिसत नाही, फक्त कमान बोटभर वर येते. सुरुवातीला सगळे बोटं मुडपतात, म्हणून मी बोटांवर हलका हात ठेवते. तिसरी, बोटांखाली गुंडाळलेला टॉवेल ठेवून टाच सावकाश उचलणं आणि त्याहून सावकाश खाली आणणं, एक दिवसाआड. हा तिसरा व्यायाम २०१४ साली डेन्मार्कमध्ये टाचदुखीच्या रुग्णांवर करून बघितला होता. तीन महिन्यांनी नुसतं ताणण्याचा व्यायाम करणाऱ्यांपेक्षा या रुग्णांना जास्त आराम होता.

तिसऱ्या आठवड्यात बाईंना अंगठा वेगळा उचलता येऊ लागला. सहाव्या आठवड्यात सकाळची पहिली पावलं सुसह्य झाली. बारा आठवड्यांनी मी पुन्हा कागद ठेवला आणि ओढला. कागद फाटला. त्या वर्षी शाळेच्या स्नेहसंमेलनात त्या सकाळपासून संध्याकाळपर्यंत उभ्या होत्या. ज्या गोष्टीसाठी त्या आल्याच नव्हत्या तीही त्यांनी सांगितली: जिना उतरताना उजवा गुडघा आत जायचा, तो आता सरळ राहतो. पाय आत कलंडला की नडगी आत फिरते आणि तिच्यामागून गुडघा जातो. खालून पाया सावरला की वरचं काही प्रमाणात सावरतं. सगळ्यांचंच असं होत नाही, पण ज्यांचं होतं त्यांच्या चेहऱ्यावरचं नवल मी पुष्कळदा पाहिलं आहे.

भरतीची मुलं येऊ लागली तेव्हा या कामाची मर्यादाही कळली. पहाटे साडेचार-पाचला नागपूरच्या कुठल्याही मैदानावर जा, पोलीस भरतीसाठी पळणारी मुलं-मुली दिसतील. मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर, शिवाय १०० मीटर आणि गोळाफेक. भंडारा, गोंदिया, गडचिरोलीकडून येऊन खोल्या करून राहणारी ही पोरं. मैदानावर जागा मिळाली नाही तर ती सिमेंटच्या रस्त्यावर पळतात, एकाच बुटात दोन वर्षं काढतात. नडगी दुखते म्हणून येतात. आणि काही जण येतात सपाट पाय घेऊन. सैन्याच्या वैद्यकीय तपासणीला दीड महिना उरलेला असतो. "मॅडम, पायात गॅप पडला पायजे. व्यायामानं पडते का?" असं विचारतात. आई सोबत असते आणि तिच्या हातात पैसे असतात.

अशा वेळी खोटं बोलणं सोपं असतं. कमान हाडांच्या रचनेतून आणि सांध्यांना बांधणाऱ्या बंधांतून येते. विशीतल्या मुलाच्या पायात सहा आठवड्यांत व्यायामानं नवी कमान बसत नाही. मी तसं स्पष्ट सांगते. पण त्याच वेळी त्याला चवड्यावर उभं करते. टाच उचलल्यावर कमान उमटली, टाच आत वळली, तर त्याचा पाय सपाट असूनही लवचिक आहे. एनडीएच्या जाहिरातीसोबत छापल्या जाणाऱ्या वैद्यकीय निकषांतही हा फरक मानलेला आहे. चवड्यावर उभं राहिल्यावर कमान पुन्हा दिसत असेल, उमेदवाराला चवड्यावर नीट धावता आणि उड्या मारता येत असतील, पाय लवचिक असेल आणि दुखत नसेल, तर तो पात्र धरला जातो. हे वाचून दाखवलं की मुलाचा जीव भांड्यात पडतो. मग आम्ही कमानीचा आकार विसरून तिच्या कामाला लागतो. एका पायावर तीस टाचा उचलता येतात का, उडी मारून उतरल्यावर पाय आत कोसळतो का, तिसऱ्या किलोमीटरलाही बोटं जमीन ढकलतात का, हे बघतो. या वाटेनं गेलेली काही मुलं आज वर्दीत आहेत. काही तपासणीत बाद झाली. बाद झालेल्यांपैकी एकानं नंतर येऊन सांगितलं, "नोकरी नाही लागली, पण नडगी दुखणं गेलं. पळणं सोडलं नाही मी." ते वाक्य मी जपून ठेवलं आहे.

आता माझी चूक. लहान स्नायूंचं महत्त्व नव्यानं कळलेल्या माणसाला जो उत्साह येतो तो मलाही आला होता. अनवाणी धावण्याची जगभर लाट होती, त्यावरची पुस्तकं मी वाचत होते. संगणकाच्या नोकरीत असलेला एक हौशी धावपटू माझ्याकडे आला. आठवड्याला तीस किलोमीटर धावणारा. मी त्याला जाड तळव्याचे बूट हळूहळू सोडायला सांगितलं, पण 'हळूहळू' म्हणजे किती हे सांगितलं नाही. त्यानं दोन आठवड्यांत बूट सोडले आणि पातळ तळव्याच्या बुटात तेवढंच अंतर धावू लागला. पाचव्या आठवड्यात पायाच्या वरच्या बाजूला, दुसऱ्या बोटाच्या रेषेत, बोट ठेवता येईना. एमआरआयमध्ये हाडाला ताणाची चीर निघाली. दोन महिने त्याचं धावणं बंद झालं. तो मला काही बोलला नाही. मी मात्र त्या महिन्यात नवीन कुणालाही पातळ बूट सुचवले नाहीत आणि पुन्हा वाचायला बसले. अमेरिकेत २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात हेच आढळलं होतं. दहा आठवड्यांत पातळ बुटांकडे वळलेल्या धावपटूंच्या पायाच्या हाडांत सूज दिसली होती. स्नायू आठवड्यांत जुळवून घेतो, हाडाला महिने लागतात. ही गोष्ट मला ठाऊक होती, पण मी ती वापरली नव्हती. आता मी अंतर लिहून देते. घरात अनवाणी अर्धा तास, मग तास, मग गवतावर पाच मिनिटं चालणं. धावणं फार नंतर, आणि तेही ज्याला गरज असेल त्यालाच.

ज्यांनी अनवाणी अजिबात चालू नये अशांबद्दल मला जास्त काळजीनं लिहायचं आहे. नवरात्रात नागपूरहून कोराडीच्या जगदंबेला पायी, अनवाणी जाणारे हजारो लोक असतात. श्रद्धा प्रत्येकाची, तिच्याबद्दल मला काही म्हणायचं नाही. पण ज्याला दहा-पंधरा वर्षं मधुमेह आहे, त्याच्या तळव्यात आनंदवनातल्या त्या पायासारखीच गोष्ट हळूहळू घडत असते. नसा मंद होतात, लहान स्नायू वाळतात, बोटं वळू लागतात. काहींच्या बाबतीत संवेदना गेल्याचं कळायच्या आधीच स्नायू बारीक झालेले असतात. एक दुकानदार काका वैशाखात भर दुपारी एका देवळाच्या फरशीवरून अनवाणी चालले. नागपूरचा मे महिना आपल्याला ठाऊक आहे, पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो. ते घरी आल्यावर रात्री त्यांच्या सुनेला तळव्यावर भले मोठे फोड दिसले. काकांना काहीच कळलं नव्हतं. ती जखम भरायला चार महिने लागले. अशा माणसाला मी सगळे व्यायाम खुर्चीत बसून देते. बोटं पसरा, अंगठा उचला, पाय लहान करा. रोज रात्री आरशात तळवे बघा. आणि घरातसुद्धा चपलेशिवाय पाऊल टाकू नका. मधुमेह्यानं या लेखातला पहिला व्यायाम करण्याआधी डॉक्टरांकडून तळव्याची संवेदना तपासून घ्यावी. नायलॉनच्या दोऱ्यासारख्या तंतूनं ही तपासणी पाच मिनिटांत होते.

या लहान स्नायूंचा सगळ्यात मोठा परिणाम मी धावपटूंमध्ये नाही, म्हाताऱ्या माणसांमध्ये पाहिला. चौऱ्याहत्तर वर्षांच्या एक आजी न्हाणीघरात घसरल्या होत्या. हाड मोडलं नव्हतं, पण भीती बसली होती. भिंत धरून चालायच्या, अंगणात उतरणं सोडलं होतं. त्यांची बोटं उभं राहिल्यावर जमिनीला लागतच नव्हती. माणूस पुढे झुकतो तेव्हा त्याला पडण्यापासून शेवटी अडवतात ती बोटं. ऑस्ट्रेलियात साठ ते नव्वद वर्षांच्या ३१२ जणांवर केलेल्या अभ्यासात बोटांची ताकद कमी असणाऱ्यांमध्ये पडण्याचा धोका जास्त दिसला. २०११ मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये आलेल्या दुसऱ्या अभ्यासात ३०५ वृद्धांपैकी अर्ध्यांना पाय आणि घोट्याचे व्यायाम, योग्य पादत्राणं आणि पायाची निगा असं सगळं मिळून दिलं. त्यांचं पडणं ३६ टक्क्यांनी कमी झालं. श्रेय एकट्या व्यायामाचं नाही, पण व्यायाम त्यात होताच.

आजींना मी दिवाणावर बसून बोटं पसरायला शिकवलं. मग ओट्याला दोन्ही हातांनी धरून टाचा उचलणं. मग एक हात सोडून. दोन महिन्यांनी त्या ओट्याजवळ एका पायावर आठ सेकंद उभ्या राहिल्या, आधी दोनही जमत नव्हते. त्या म्हणाल्या, "पोरी, आता बोटांना जमीन लागते." बावीस वर्षांत मला मिळालेला सगळ्यात अचूक रिपोर्ट हाच आहे. तळव्यातले स्नायू नुसते ओढत नाहीत, ते मेंदूला जमिनीची खबरही देतात. ती खबर पोचली की भिंत सुटते. आजी आता रोज सकाळी अंगणातल्या तुळशीला पाणी घालतात.

काही वर्षांपूर्वी मी अमरावतीला हनुमान व्यायाम प्रसारक मंडळात गेले होते. १९१४ साली सुरू झालेली ही संस्था. १९३६ च्या बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी तिच्या खेळाडूंनी तिथे भारतीय खेळांची प्रात्यक्षिकं केली होती. दोरीच्या मल्लखांबाचा सराव चालू होता. बारा-तेरा वर्षांची मुलगी अंगठा आणि शेजारच्या बोटाच्या बेचक्यात दोर पकडून सरसर वर गेली आणि त्याच पकडीवर थांबून तिनं शरीर आडवं केलं. मी तिच्या पायांकडेच बघत होते. बोटं पंख्यासारखी पसरलेली, अंगठा सरळ, कमान ताणलेल्या धनुष्यासारखी. तिला कुणी 'पाय लहान कर' असं शिकवलं नव्हतं. खेळानं ते आपोआप घडवलं होतं. मातीतली कबड्डी, खो-खो, लंगडी आपल्या मुलांच्या पायांना हेच देत होती.

मणिपालच्या राव आणि जोसेफ या डॉक्टरांनी १९९२ मध्ये २३०० मुलांच्या पायांच्या ठशांचा अभ्यास प्रसिद्ध केला. बूट-चपला वापरणाऱ्या मुलांत सपाट पायांचं प्रमाण ८.६ टक्के होतं, अनवाणी राहणाऱ्यांत २.८ टक्के. त्यातही पुढून बंद बूट घालणाऱ्यांत ते सर्वाधिक होतं. सहा वर्षांच्या आतल्या लेकराचा पाय सपाट दिसला म्हणून आईनं घाबरू नये, त्या वयात पुष्कळांचा तसाच दिसतो आणि पुढे बहुधा कमान येते. पण ती यायला पायाला काम लागतं. खड्यावरून जपून पाऊल टाकणं, ओल्या मातीत बोटं रोवणं, झाडावर चढताना साल पकडणं, हे ते काम. माझ्याकडे चाळिशीत येणारी माणसं जे दहा मिनिटं खुर्चीत बसून कष्टानं शिकतात, ते लहानपणी फुकट मिळत होतं.

नागपुरातल्या कितीतरी शाळांच्या आवारात गेल्या काही वर्षांत पेव्हर ब्लॉक बसले. चिखल होत नाही, आवार स्वच्छ दिसतं, हे खरं आहे. पण मुलं सकाळी बूट-मोजे चढवून येतात, फरशीवर बसतात, ब्लॉकवर खेळतात आणि तसेच बूट घालून घरी जातात. दिवसभरात त्यांच्या तळव्याला एकदाही जमीन भेटत नाही.

मुख्याध्यापकांना आणि पालकांना माझी हात जोडून विनंती आहे. मैदानाचा निदान एक कोपरा मातीचा राहू द्या. रोज सकाळी तो झाडून काच-खिळे काढून टाका, मुलांना धनुर्वाताची लस वेळेवर द्या, आणि उन्हं चढण्याआधी अर्धा तास त्यांना तिथे बूट काढून खेळू द्या.